वॉचडॉग लावूनही बोर्ड हँग होतो तेव्हा: एसटीएम३२वरच्या शेतपंप स्टार्टरच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतपंपासाठी जीएसएम स्टार्टर बनवलाय. आत एसटीएम३२एफ४०७ हा मायक्रोकंट्रोलर, त्यावर फ्रीआरटीओएस (अनेक टास्क, म्हणजे प्रोग्रॅममधली वेगवेगळी कामं, आलटून-पालटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम), यूएआरटीवर (सीरियल जोडणीवर) जीएसएम मॉडेम आणि रिलेमार्फत काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच). शेतावर बसवलेले काही बोर्ड अधूनमधून गप्प होतात. मिस्ड कॉल दिला तरी मोटर सुरू होत नाही, आणि शेतकऱ्याला पेटीपर्यंत जाऊन एमसीबी खाली-वर करावा लागतो. म्हणून २ सेकंदांचा इंडिपेंडंट वॉचडॉग, म्हणजे मुदतीत रिफ्रेश केला नाही तर चिप रिसेट करणारा काउंटर, चालू केला आणि टायमर इंटरप्टमध्ये (टायमर चालू काम अडवून जो कोड चालवतो त्यात) दर १०० मिलिसेकंदांनी तो रिफ्रेश केला. तरी बोर्ड हँग होतातच. वर दोन नवी दुखणी लागली: फर्मवेअर अपडेट करताना कधीकधी मध्येच रिसेट होतो, आणि डीबगरवर ब्रेकपॉइंटला थांबलं की प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो.

या तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. सगळ्यांत सोपी आधी उरकतो. ब्रेकपॉइंटला कोअर थांबतो, पण वॉचडॉगचा काउंटर थांबत नाही, तो खाली मोजतच राहतो. एफ४ मालिकेत डीबग युनिटच्या एपीबी१ फ्रीझ रजिस्टरमध्ये यासाठी एक बिट आहे, आणि एचएएलमध्ये, म्हणजे चिप कंपनीच्या लायब्ररीत, त्याचा तयार मॅक्रो आहे. वॉचडॉग सुरू करण्याआधी तो बिट लावा, म्हणजे कोअर थांबला की काउंटरही थांबेल. डीबगिंगसाठी वॉचडॉगची ओळच कॉमेंट करून ठेवायची सवय लावू नका. ती ओळ तशीच कॉमेंट राहून माल शेतावर जातो.

आता मुख्य तक्रार. टायमर इंटरप्टमधून रिफ्रेश करणं हेच दुखण्याचं मूळ आहे. टायमर पेरिफेरल आणि इंटरप्ट कंट्रोलर हे हार्डवेअर आहे. तुमचे सगळे टास्क कुठल्यातरी क्यूवर (मेसेजच्या रांगेवर) अडकून मेलेले असले तरी दर १०० मिलिसेकंदांनी इंटरप्ट येणारच, हँडलर चालणारच आणि वॉचडॉग खूश राहणारच. म्हणजे आज तुमचा वॉचडॉग फक्त टायमर चालू आहे का एवढंच बघतोय. मॉडेमचा टास्क जिवंत आहे का, फेज तपासणारा टास्क फिरतोय का, यातलं त्याला काहीच कळत नाही.

यावर बरेच जण रिफ्रेश आयडल हुकमध्ये, म्हणजे दुसरं काही काम नसताना फिरणाऱ्या आयडल टास्कमध्ये, टाकतात. त्याने एवढंच सिद्ध होतं की वरच्या प्रायोरिटीचा कुठलाही टास्क सीपीयू अडवून बसलेला नाही. पण दोन टास्क एकमेकांच्या म्युटेक्सची (सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणाऱ्या कुलपाची) वाट पाहत अडकले, तर सीपीयू रिकामाच असतो, आयडल टास्क मजेत फिरतो आणि वॉचडॉग रिफ्रेश होत राहतो. डेडलॉक झालेली सिस्टिम आयडल टास्कच्या नजरेतून अगदी निवांत दिसते. मेन लूप, टिक हुक, सॉफ्टवेअर टायमर यांतल्या कुठल्याही एकाच ठिकाणाहून आंधळेपणाने रिफ्रेश केलं की हीच गोष्ट होते.

रिफ्रेश करण्याचा हक्क कमवावा लागतो. ज्या कामासाठी बोर्ड लावलाय ते काम खरंच झालं, याचा पुरावा हातात आला तरच रिफ्रेश करायचा. बाकीची सगळी रचना यावरून ठरते.

याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नासाचं मार्स पाथफाइंडर. ४ जुलै १९९७ ला ते मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर आपोआप रिसेट होऊ लागला. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम होती. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्रायोरिटीच्या टास्ककडे एक म्युटेक्स असायचा. त्याला मधल्या प्रायोरिटीचे टास्क बाजूला सारायचे, आणि डेटा बसची माहिती वाटणारा वरच्या प्रायोरिटीचा टास्क त्याच म्युटेक्ससाठी ताटकळायचा. हेच प्रायोरिटी इन्व्हर्जन. पण आपल्या कामाचा भाग पुढचा आहे. बसचं वेळापत्रक सांभाळणारा टास्क दर आवर्तनात आधीच्या आवर्तनाचं वाटपाचं काम पुरं झालं का ते तपासायचा. पुरं झालेलं दिसलं नाही की तो सिस्टिम रिसेट करायचा. म्हणजे तपासणी झालेल्या कामाची होती, म्हणूनच दोष सापडला. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच प्रसंग पुन्हा घडवला, म्युटेक्सचा प्रायोरिटी इन्हेरिटन्सचा (म्युटेक्स धरलेल्या टास्कला ताटकळणाऱ्याची प्रायोरिटी तात्पुरती देण्याचा) पर्याय बंद राहिलाय हे शोधलं आणि तो चालू करणारा बदल मंगळावर पाठवला. तुमच्या कोडमध्येही एक गोष्ट लगेच बघा: सामायिक यूएआरटी किंवा सामायिक बफर राखायला बायनरी सेमाफोर वापरलाय का? फ्रीआरटीओएसमध्ये प्रायोरिटी इन्हेरिटन्स म्युटेक्सला मिळतो, बायनरी सेमाफोरला नाही.

आता तुमच्या बोर्डवर हे कसं बसवायचं ते सांगतो. मी याला हजेरी म्हणतो. प्रत्येक महत्त्वाच्या टास्कला इव्हेंट ग्रुपमधला (फ्रीआरटीओएसमधल्या सामायिक खुणांच्या गटातला) एक बिट द्या. टिक, म्हणजे फ्रीआरटीओएसचा वेळ मोजणारा आकडा, ३२ बिटांचा असेल तर ग्रुपमध्ये वापरायला २४ बिट मिळतात, तुम्हाला ते भरपूर आहेत. टास्कने आपल्या लूपची एक फेरी पूर्ण केली, म्हणजे फेजचं व्होल्टेज वाचलं, करंट तपासला, निर्णय घेतला, की शेवटी आपला बिट लावायचा. एक वेगळा देखरेखीचा टास्क सगळे बिट लागायची वाट पाहतो. सगळे लागले की ते पुसतो, वॉचडॉग रिफ्रेश करतो आणि पुन्हा वाट पाहायला बसतो. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये रिफ्रेशची ओळ या एकाच ठिकाणी असावी. सोर्समध्ये शोधल्यावर ती दुसरीकडे कुठेही सापडली तर काढून टाका.

देखरेखीच्या टास्कची प्रायोरिटी आयडलच्या एक पायरी वर ठेवा. बाकीच्या टास्कच्याही वर बसवला तर ते उपाशी राहिलेले असताना त्याला मात्र वेळ मिळत राहतो. खाली बसवला तर त्याला वेळ मिळणं हाच सिस्टिमवर ताण नसल्याचा आणखी एक पुरावा होतो.

त्याच्या वाट पाहण्यालाही मर्यादा हवी, समजा ३ सेकंद. तेवढ्यात सगळी हजेरी लागली नाही तर जे बिट लागलेले नाहीत ते रिसेटनंतरही टिकेल अशा जागी लिहून ठेवायचे, आणि मग रिफ्रेश न करता गप्प बसायचं. वॉचडॉग आपोआप रिसेट देईल. एफ४मधल्या इंडिपेंडंट वॉचडॉगला रिसेटच्या आधी धोक्याची सूचना देणारा इंटरप्ट नाही, म्हणून नोंद करायची संधी हीच. चिपमधल्या दुसऱ्या, विंडो वॉचडॉगला तसा इंटरप्ट आहे, पण तो एपीबी१ च्या, म्हणजे मुख्य क्लॉकपासून निघालेल्या, क्लॉकवर चालतो. मुख्य क्लॉक बंद पडला तर तोही बंद. इंडिपेंडंट वॉचडॉग चिपमधल्या स्वतंत्र आरसी ऑसिलेटरवर, म्हणजे एलएसआयवर, चालतो. बाहेरचा क्रिस्टल मेला तरी त्याला फरक पडत नाही. शेतावरच्या पेटीत मुख्य भरवसा त्याच्यावरच ठेवायचा.

हजेरीच्या पद्धतीत हमखास अडचण येते ती अमर्याद वाट पाहणाऱ्या टास्कची. क्यूवर मेसेज येईपर्यंत कायम थांबायचं असं लिहिलेलं असेल तर मेसेज नसताना तो टास्क हजेरी लावू शकत नाही. उपाय सोपा आहे: एक सेकंदाचा टाइमआउट द्या, रिकाम्या हाताने उठलं तरी हजेरी लावा आणि पुन्हा थांबा. पण इथेच नवी फट पडते. मॉडेमचा टास्क दर सेकंदाला उठतो, काही आलं नाही म्हणतो, हजेरी लावतो, आणि असं दिवसभर करू शकतो. हजेरी पूर्ण, काम शून्य. म्हणून मॉडेमच्या टास्कला दोन वेगळी घड्याळं लागतात. एक हजेरीचं, सेकंदाचं. दुसरं कामाचं: पाठवलेल्या एटी कमांडला (मॉडेमला द्यायच्या मजकुरी आज्ञेला) तिच्या ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं का, आणि मॉडेम नेटवर्कवर नोंदलेला असल्याचं शेवटचं कधी कळलं.

तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय इथेच जातो. काँटॅक्टरची कॉइल सुटते त्या क्षणी यूएआरटीच्या रेषेवर कचरा येतो, किंवा सीपीयू दुसरीकडे गुंतलेला असताना बाइट साचतात आणि ओव्हररन एरर (आधीचा बाइट उचलायच्या आत पुढचा येणं) लागतो. इंटरप्टने रिसीव्ह करणारं एचएएल अशा वेळी रिसेप्शन थांबवतं आणि एरर कॉलबॅक, म्हणजे त्यासाठी तुम्ही लिहायचं फंक्शन, बोलावतं. तो कॉलबॅक तुम्ही लिहिलेलाच नसेल, किंवा लिहूनही त्यात रिसीव्ह पुन्हा सुरू केलेलं नसेल, तर त्यापुढे मॉडेमचा एकही बाइट तुमच्यापर्यंत पोचत नाही. मॉडेम तिकडे रिंग आल्याचं सांगत असतो आणि तुमचा टास्क क्यूवर कायमचा झोपलेला असतो. टायमर इंटरप्ट चालू, एलईडी लुकलुकतोय, वॉचडॉग खूश, आणि शेतकरी मिस्ड कॉल देतोय. आधी तो कॉलबॅक तपासा. कदाचित तुमचे बरेचसे हँग तिथेच संपतील.

दुसरी गोष्ट, मायक्रोकंट्रोलर रिसेट झाला म्हणजे मॉडेम रिसेट झाला असं नाही. त्याचा सप्लाय वेगळा आहे, तो तसाच अडकलेला राहतो. त्याहून वाईट म्हणजे पॉवर कीचा पिन. या वर्गातल्या अनेक मॉडेममध्ये तो पल्स बंद असलेल्या मॉडेमला चालू करतो आणि चालू असलेल्याला बंद करतो. तुमचा स्टार्टअप कोड डोळे मिटून पल्स देत असेल तर वॉचडॉग रिसेटनंतर तुम्ही चांगल्या चाललेल्या मॉडेमला स्वतःच बंद करताय. आधी स्टेटस पिन वाचा, मॉडेम बंद असेल तरच पल्स द्या. आणि पुढच्या पीसीबीत मॉडेमचा सप्लाय तोडणारा एक मॉसफेट घालाच. काही मॉडेम अशा अवस्थेत जातात की सप्लाय तोडल्याशिवाय शुद्धीवर येत नाहीत.

नेटवर्क नाही म्हणून अख्खा बोर्ड रिसेट करू नका. गावाकडे वीज गेली की टॉवरही बंद पडू शकतो. तेव्हा दर दोन मिनिटांनी रिसेट मारून काही साधत नाही, उलट चालू मोटर विनाकारण बंद होते. आधी कमांड पुन्हा पाठवा, मग मॉडेमला सॉफ्ट रिसेट द्या, मग त्याचा सप्लाय तोडा. प्रत्येक वेळी मधलं अंतर वाढवत न्या, पंधरा मिनिटं, अर्धा तास, तास. वॉचडॉग आपल्या सीपीयूवरच्या सॉफ्टवेअरसाठी आहे. मॉडेमची देखरेख हे त्या सॉफ्टवेअरचं काम आहे.

आता २ सेकंदांच्या आकड्याकडे येऊ, कारण अपडेटच्या वेळचा रिसेट तिथून येतो. एफ४०७ च्या डेटाशीटमध्ये एलएसआयची फ्रिक्वेन्सी साधारण ३२ किलोहर्ट्झ दिली आहे, पण हमी आहे ती १७ ते ४७ किलोहर्ट्झ एवढ्या रुंद पट्ट्याची. तुम्ही बहुधा प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ६४ आणि रीलोड (जिथून खाली मोजणी सुरू होते तो आकडा) ९९९ लिहिलाय. ३२ किलोहर्ट्झला ६४ ने भागलं की ५०० हर्ट्झ, हजार मोजण्या म्हणजे २ सेकंद. पण एखाद्या चिपचा एलएसआय ४७ किलोहर्ट्झने धावत असेल तर तेच आकडे १.३६ सेकंद देतात, आणि १७ ने चालत असेल तर ३.७६. म्हणजे २ सेकंद हा तुमचा टाइमआउट नाहीच, १.३६ ते ३.७६ हा आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत आणि टेबलावर एकच चिप वेगवेगळी वागू शकते.

दुसरीकडे फ्लॅश इरेज, म्हणजे प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीचा एकेक भाग (सेक्टर) पुसणं. एफ४०७ मध्ये १२८ केबीचा सेक्टर पुसायला ३२ बिटांच्या समांतर मोडमध्ये साधारण १ सेकंद लागतो, जास्तीत जास्त २. मोड ८ बिटांचा राहिला असेल तर साधारण २ आणि जास्तीत जास्त ४. या चिपमध्ये फ्लॅशची बँक एकच आहे. पुसणं चालू असताना त्याच फ्लॅशमधली पुढची इन्स्ट्रक्शन वाचायला गेलेला सीपीयू तिथेच थांबतो. इंटरप्ट हँडलरही फ्लॅशमध्येच आहे, त्यामुळे तोही थांबतो आणि रिफ्रेशही. ज्या बोर्डवर एलएसआय वेगवान आणि फ्लॅश संथ, त्याच बोर्डवर रिसेट होतो. टेबलावरच्या बोर्डवर दिसत नाही आणि शेतावरच्या दोन-चार बोर्डांवरच होतं, ते यामुळे.

मग टाइमआउट किती ठेवायचा? उलटीकडून हिशेब करा. सगळं सुरळीत असताना दोन रिफ्रेशमधलं अंतर सगळ्यांत संथ हजेरीइतकं, म्हणजे १ सेकंद. त्यात इरेजचे २ सेकंद मिळवले की ३. देखरेखीच्या टास्कची मर्यादाही ३ सेकंद आहे, आणि त्यानंतर नोंद लिहायला उसंत हवी. म्हणजे सगळ्यांत वेगवान एलएसआय धरूनही ४ सेकंद मिळायला हवेत. प्रीस्केलर १२८ आणि रीलोड १४९९ घेतला तर ४७ किलोहर्ट्झला ४.०८ सेकंद, ३२ ला बरोबर ६ आणि १७ ला सुमारे ११.३ सेकंद येतात. आता दुसरं टोक तपासा: सगळ्यांत वाईट स्थितीत ११ सेकंद बोर्ड बेशुद्ध राहिला तर चालेल का? मिस्ड कॉलसाठी चालेल. सिंगल फेजिंग झालं आणि मोटर दोन फेजवर ओढत असेल तर मात्र ११ सेकंद मोठे आहेत. म्हणून ओव्हरलोड रिलेसारखं सॉफ्टवेअरवर न विसंबणारं संरक्षण पेटीत असलंच पाहिजे. वॉचडॉग त्याची जागा घेऊ शकत नाही. हा पट्टा अरुंद करायचाच असेल तर एफ४०७ मध्ये एलएसआय आतूनच टायमर ५ च्या चौथ्या चॅनलला जोडता येतो. स्टार्टअपला मुख्य क्लॉकवर त्याची फ्रिक्वेन्सी मोजा आणि रीलोड त्या बोर्डपुरता काढा.

इरेजबद्दल आणखी दोन गोष्टी. एकामागून एक तीन सेक्टर पुसू नका. एक पुसला की दीड सेकंद टास्क डिले द्या, हजेरीची एक पूर्ण फेरी होऊन रिफ्रेश होऊ द्या, मगच पुढचा. आणि मोटर चालू असताना फ्लॅश पुसूच नका. त्या २ सेकंदांत तुमचा बोर्ड आंधळा असतो, फेज गेली तरी त्याला दिसत नाही. अपडेट डाउनलोड करून बाहेरच्या मेमरीत ठेवा आणि मोटर बंद असतानाच बसवा.

सुरू करण्याच्या क्रमात फारसं काही नाही. की रजिस्टरमध्ये हेक्स सीसीसीसी लिहिलं की वॉचडॉग सुरू होतो, हेक्स ५५५५ लिहिलं की प्रीस्केलर आणि रीलोड बदलायची परवानगी मिळते, हेक्स एएएए म्हणजे रिफ्रेश. एचएएल हे सगळं करतं. स्वतः लिहीत असाल तर स्टेटस रजिस्टरमधले दोन्ही अपडेट बिट शून्य होईपर्यंत थांबा, कारण नवे आकडे एलएसआयच्या संथ क्लॉकवर पोचायला वेळ लागतो. एकदा सुरू झालेला वॉचडॉग सॉफ्टवेअरने बंद करता येत नाही, फक्त रिसेटनेच बंद होतो. म्हणून ॲप्लिकेशनमधून थेट बूटलोडरमध्ये (नवं फर्मवेअर बसवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) उडी मारत असाल तर बूटलोडरलाही रिफ्रेश करावा लागेल. त्यापेक्षा खूण ठेवून सॉफ्टवेअर रिसेट घ्या आणि बूटलोडरला स्वच्छ सुरुवात करू द्या.

ऑप्शन बाइटमधून (चिपमध्ये कायम राहणाऱ्या सेटिंग्जमधून) हार्डवेअर वॉचडॉग निवडला तर तो वीज येताच आपोआप सुरू होतो. मला तो आवडतो, कारण क्लॉक सेटअपमध्ये अडकलेला बोर्डही त्यातून सुटतो. पण तेव्हा प्रीस्केलर ४ आणि रीलोड ४०९५ असतो, म्हणजे अर्धा सेकंद, आणि वेगवान एलएसआयवर जेमतेम ०.३५ सेकंद. तेवढ्यात पहिला रिफ्रेश आणि नवा टाइमआउट लिहून झाला पाहिजे. आधी सॉफ्टवेअरने सुरू होणारा प्रकार पक्का करा, मगच इकडे वळा.

आता रिसेटनंतरचा भाग. यावर लोक सगळ्यांत कमी वेळ घालवतात आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त घालवायला हवा. मेनच्या पहिल्या ओळींत रिसेट अँड क्लॉक कंट्रोलचं स्टेटस रजिस्टर वाचून ठेवा आणि मग फ्लॅग पुसा. पुसले नाहीत तर जुनं कारण पुढच्या रिसेटलाही दिसत राहतं. आतल्या प्रत्येक रिसेटने रिसेट पिनही खाली खेचला जातो, त्यामुळे वॉचडॉग रिसेटनंतर पिन रिसेटचा फ्लॅगही लागलेला दिसेल. म्हणून आधी वॉचडॉगचा फ्लॅग तपासा, पिनचा सगळ्यांत शेवटी.

नोंदी ठेवायला दोन जागा आहेत. एफ४०७ मध्ये ३२ बिटांची २० बॅकअप रजिस्टरं आहेत, आणि रॅममध्ये स्टार्टअप कोड शून्य करणार नाही असा वेगळा सेक्शनही लिंकर स्क्रिप्टमधून काढता येतो. वॉचडॉग रिसेटमध्ये वीज जात नाही, त्यामुळे रॅममधला मजकूर टिकतो. नव्याने वीज आल्यावर मात्र तिथे कचरा असतो, म्हणून सोबत एक ठरलेली खूण आणि सीआरसी (मजकूर बिघडला का ते पडताळणारा आकडा) ठेवा. कोणाची हजेरी लागली नाही, मोटर चालू होती की बंद, शेवटची एटी कमांड कुठली होती आणि लागोपाठ किती वॉचडॉग रिसेट झाले, एवढं लिहिलं तरी पुरे. हार्डफॉल्टचा (सीपीयूच्या गंभीर चुकीचा) हँडलरही असाच लिहा. मुळात तो रिकामा अनंत लूप असतो. वॉचडॉग त्यातून सोडवेल, पण कारण हरवेल. स्टॅकवर ठेवलेला प्रोग्रॅम काउंटर आणि लिंक रजिस्टर उचलून त्याच जागी लिहा आणि मग रिसेट घ्या. बोर्ड परत उठला की हे सगळं एका एसएमएसमध्ये तुमच्याकडे आलं पाहिजे. असे काही एसएमएस जमले की कोणता टास्क वारंवार गैरहजर राहतो ते दिसायला लागतं. त्याआधी सगळा अंदाजच.

आणि मोटर. रिसेटच्या क्षणी डीबगचे काही पिन सोडले तर सगळे पिन इनपुट होतात आणि तरंगत राहतात. रिले चालवणाऱ्या मॉसफेटच्या गेटला खाली खेचणारा रेझिस्टर नसेल तर त्या वेळात रिले थडथडू शकतो, आणि काँटॅक्टरच्या कॉइलसाठी त्याहून वाईट काही नाही. १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. मग ठरवा, बोर्ड उठल्यावर मोटर परत चालू करायची का? माझं उत्तर स्पष्ट आहे: माणसाने फोनवरून चालू केलेली मोटर वॉचडॉग रिसेटनंतर आपोआप चालू करायची नाही. बंद ठेवा आणि तसा एसएमएस पाठवा. फूटव्हॉल्व्ह बघायला कोणी विहिरीत उतरलेलं असू शकतं. मोटर बंद पडलेली पाहून कोणी पाइप सोडायला घेतलेला असू शकतो. शेतकऱ्याने ऑटो मोड निवडलेला असेल तर चालू करा, पण तिन्ही फेज तपासून आणि काही मिनिटं थांबून. बंद झालेल्या पंपाच्या पाइपातलं पाणी उलटं खाली येत असताना सबमर्सिबलला पुन्हा जोर लावणं शाफ्टसाठी घातक असतं. लागोपाठ पाच वॉचडॉग रिसेट झाले तर ऑटोही बंद करून सुरक्षित मोडमध्ये जा. तिथे मॉडेम आणि अपडेट एवढंच चालू, मोटर नाही. दहा मिनिटं सुरळीत गेली की हा आकडा शून्य करा.

हँगच्या मूळ कारणांपैकी काही तुमच्या कोडमध्ये नसतीलच. काँटॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (कॉइल सुटतानाचा झटका शोषणारी जोडणी) आहे का, मॉडेम ट्रान्समिट करताना घेतो तो २ अँपिअरपर्यंतचा झटका सप्लायला झेपतो का, आणि ब्राउनआउट रिसेटची (व्होल्टेज घसरताच चिप रिसेट करणाऱ्या सोयीची) पातळी वाढवली आहे का, हे बघा. कारखान्यातून येताना ती बंद असते. व्होल्टेज अर्धवट घसरून परत आलं की सीपीयू विचित्र वागू शकतो. तिथे वॉचडॉगच्या आधी ब्राउनआउट रिसेटने काम केलं पाहिजे.

बाहेरचा वॉचडॉग हवा का असंही तुम्ही विचारलंय. मोटर पेटीत मी तो घालतो, कारण चिपमधला वॉचडॉग चिपबरोबरच जातो. टीपीएस३८२३ सारखा आयसी स्वस्त आहे, पण त्याचा टाइमआउट साधारण १.६ सेकंदांचा आणि ठरलेला आहे. वरचा इरेजचा हिशेब आठवा: १२८ केबीचा सेक्टर पुसताना तो चावू शकतो. मग अपडेट बाहेरच्या फ्लॅशमध्ये उतरवून घ्यायचा, सेटिंग्ज सुरुवातीच्या १६ केबीच्या सेक्टरमध्ये ठेवायच्या, ते ३२ बिटांच्या मोडमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आत पुसले जातात, आणि अंतिम कॉपी करणाऱ्या बूटलोडरचा इरेजचा कोड व त्यासोबत या आयसीला रिफ्रेश करणारा पिन हलवणारा कोड रॅममधून चालवायचा. एवढी तयारी नसेल तर जास्त टाइमआउटचा आयसी निवडा.

चाचणी केल्याशिवाय यातलं काहीही शेतावर पाठवू नका. यूएआरटीवर एक गुप्त कमांड ठेवा, जी सांगाल त्या टास्कला अनंत लूपमध्ये टाकेल. प्रत्येक टास्क एकेक करून मारा आणि नोंदीत त्याच टास्कचं नाव येतं का ते बघा. मग म्युटेक्स घेऊन परत न करणारा प्रकार, मग सगळे इंटरप्ट बंद करून फिरणारा लूप. त्यानंतर खरा काँटॅक्टर जोडून, स्नबर मुद्दाम काढून, तो तासभर चालू-बंद करा आणि मॉडेमवर कॉल देत राहा. यूएआरटीच्या ओव्हररनचा माझा संशय खरा असेल तर तो याच चाचणीत दिसेल.

शेतावर आधीच असलेल्या बोर्डांना सगळं एकदम पाठवू नका. पहिल्या अपडेटमध्ये फक्त यूएआरटीचा एरर कॉलबॅक, मॉडेमचा स्टेटस पिन तपासणं, आणि रिसेटचं कारण एसएमएसने कळवणं एवढंच द्या. टाइमआउट मात्र याच अपडेटमध्ये ६ सेकंदांवर न्या, म्हणजे पुढचा अपडेट उतरताना इरेजमध्ये रिसेट होणार नाही. हा पहिला अपडेट अजून जुन्या टाइमआउटवरच उतरणार आहे, म्हणून तो मोटर बंद असताना आणि एका वेळी एकाच बोर्डवर करा, शक्यतो कोणीतरी पेटीजवळ असताना. हजेरीची रचना दुसऱ्या अपडेटमध्ये घाला. तोपर्यंत कारणांचे एसएमएस यायला लागले असतील, आणि कोणत्या टास्कला किती मुदत द्यायची हे त्यावरून ठरवता येईल.